हळद लागलेला पलंग

माझ्या आईला आयुष्यात स्वतःचा पलंग असा कधी नव्हता. वैराग गावातल्या आमच्या घरात एकच लोखंडी कॉट होती. ती आधी वडिलांची होती, वडील गेल्यावर भावाची झाली. आई जमिनीवर सतरंजी टाकून झोपायची, उशाला दुमडलेलं जुनं लुगडं. "मला जमीनच बरी, पडायची भीती न्हाय," असं ती म्हणायची. आणि पडली ती जमिनीवरच. न्हाणीतून येताना ओल्या फरशीवर पाय सरकला आणि खुब्याचं हाड मोडलं. शहात्तराव्या वर्षी.

ऑपरेशन सोलापुरात झालं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. तीन महिने जमिनीवर बसायचं नाही, झोपायचं नाही. पलंग गुडघ्यापेक्षा खाली नको. दोन पायांच्या मध्ये उशी ठेवून दर दोन तासांनी कूस बदलायची. वॉकर घेऊन थोडं थोडं चालवायचं. भावाच्या घरी संडास अंगणापलीकडे आहे, दोन पायऱ्या उतरून. तिथं तिला नेणं शक्यच नव्हतं. आम्ही सोलापुरातच, जुळे सोलापूर या भागात राहतो, संडास आत आहे, मुलगा नोकरीला बंगळूरला गेल्यामुळे त्याची खोली रिकामी आहे. त्यामुळे तिनं माझ्याकडे यावं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

पण आईला होतं. लेकीच्या घरी तीन रात्रींच्या वर राहायचं नाही, हा तिचा नियम. माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवता शिकवता निवृत्तीला आले, तरी तो नियम जागचा हलला नव्हता. दवाखान्यात पडल्या पडल्या ती एकच पालुपद लावून बसली होती.

"तीन म्हैने लेकीकडं? लोक काय म्हणतील गं?"

"लोक तुझी भांडी घासायला येणार आहेत का?"

"तसं न्हवं. जावई काय म्हणतील?"

जावई तिथंच स्टुलावर बसून तिच्यासाठी मोसंबं सोलत होते. ते एसटीच्या कचेरीतून निवृत्त झालेत आणि कशालाच काही म्हणत नाहीत. शेवटी मी एक बाण मारला. म्हटलं, "आई, तुझ्यासाठी पलंग घेतलाय. आमचा नाही, तुझा. बरी झालीस की टेम्पोत घालून वैरागला घेऊन जा."

ती छताकडे बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "कसला हाय?"

पलंग अजून घेतलेलाच नव्हता. मी त्याच दिवशी दुपारी घ्यायला गेले.

आमच्या ह्यांचं म्हणणं होतं की दवाखान्यात असतो तसला दांडा फिरवायचा पलंग भाड्यानं आणावा. तीन महिने वापरावा, परत द्यावा. शहाणपणाची गोष्ट होती आणि म्हणूनच मला पटली नाही. जिनं सगळा जन्म सतरंजीवर काढला, तिला पहिला पलंग मिळावा तो भाड्याचा आणि लोखंडी? मला तिला दाखवायचं होतं, की बघ, तुझ्या लेकीनं तुझ्यासाठी काय आणलंय. हौसेला मोल नसतं म्हणतात. माझा अनुभव असा की हौसेला डोळेही नसतात.

शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मी दुधाच्या सायीच्या रंगाचा, उंच पाठीचा, गुळगुळीत पलंग निवडला. दुकानदारानं त्यावर बोटांनी टकटक करून दाखवलं. मीही टकटक केलं. त्यातून मला काय कळलं, हे विचारू नका. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी पोचवण्याचं ठरलं. शनिवारी आईला घरी सोडणार होते.

शुक्रवारी भर दुपारी दोघं हमाल पलंगाचे भाग घेऊन आले. कुंभारी गावाकडचे होते. घामानं निथळत होते बिचारे. मी त्यांना आधी पाणी दिलं, मग सरबत.

"ताई, डोस्कं कुटं करायचं? हितं का तितं?"

"उत्तरेला डोकं नको," मी म्हणाले. त्यामुळे पलंगाची एक लांब बाजू भिंतीला आली. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं रामायण त्या भिंतीकडच्या बाजूचं आहे.

त्यांनी पाऊण तासात पलंग जोडला. आणि मग मी ते केलं, जे आमच्याकडे शिलाई मशीनपासून मोटारीपर्यंत प्रत्येक नव्या वस्तूला केलं जातं. मी शाळेत पोरींना ग्रहणाच्या आकृत्या काढून दाखवते, अंधश्रद्धेवर भाषणं देते. पण दारात नवी वस्तू आली की हात आपोआप देवघराकडे जातो. वाटीत हळद कालवली, कुंकू घेतलं, पलंगाच्या पाठीवर मधोमध चांगलं वीतभर स्वस्तिक काढलं. चारी पायांना हळदीकुंकवाची बोटं लावली. अगरबत्ती ओवाळली. हमालांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. त्यातल्या थोरल्यानं विचारलं, "ताई, नारळ मी फोडू का?" त्यानं दारात नारळ फोडला, मी दोघांच्या हातावर खोबरं आणि पेढा ठेवला. त्यानं पावती पुढं केली. 'माल सुस्थितीत मिळाला' असं तिच्यावर छापलेलं होतं. अशा शुभ घडीला वाकून वाकून खोट शोधणं बरं दिसत नाही. मी सही केली.

त्यांना माहीत होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. सही करताना त्यांनी एकमेकांकडे पाहिल्यासारखं मला आता वाटतं. पण तेव्हा वाटलं नव्हतं, त्यामुळे ते खरं धरता येत नाही.

संध्याकाळी ह्यांनी टेबलफॅनची वायर लावायला म्हणून पलंग भिंतीपासून थोडा ओढला आणि हाक मारली, "जरा इकडे ये गं." भिंतीकडच्या लांब पाटीला, मध्याच्या जरा पुढं, उभी भेग होती. भेगेत सायीच्याच रंगाचं मेणासारखं काहीतरी भरून वरून घासलेलं होतं. मी नख लावलं तर त्याचा पापुद्राच निघून हातात आला. आत तपकिरी भुसा दिसत होता. म्हणजे पलंग आमच्याकडे येताना मोडला नव्हता. आधी कुठंतरी मोडला, कुणीतरी लिंपला आणि नवा म्हणून आम्हाला दिला. मी कॉटवर बसावं तशी त्याच्यावर धपकन बसले आणि तो वाजला. करर्र. जुन्या दाराची बिजागरी वाजते तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई येणार होती. दुकान साडेदहाला उघडत होतं. दुसरा पलंग नव्हता. मी काय करणार होते?

आईला गाडीतून उतरवून, वॉकरच्या आधारानं, एकेक पाऊल टाकत आत आणली. खोलीच्या दारात ती थांबली. स्वस्तिक तिला आधी दिसलं. तशा अवस्थेतही तिनं हात लांब करून त्याला बोटं टेकवली आणि कपाळाला लावली.

"पूजा केलीस व्हय गं?"

"केली की."

"माज्यासाठी?"

"मग कुणासाठी?"

आम्ही दोघांनी धरून तिला टेकवली. पलंग वाजला. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी कपाटाकडे पाहिलं. तीच म्हणाली, "नवं हाय, वाजायचंच." मग हातानं गादी दाबून बघितली आणि हसली. "लई उच हाय की गं. म्हाराणीवानी वाटायलंय." तिला मी असं हसताना पुष्कळ दिवसांनी पाहत होते, आणि त्या हसण्याखाली भेगाळलेली पाटी आहे हे मला माहीत होतं.

सोमवारी शाळेतून परस्पर दुकानात गेले. मोबाइलमध्ये भेगेचे सहा फोटो होते. दुकानदारानं सगळे फोटो शांतपणे पाहिले. मग एक फोटो दोन बोटांनी मोठा केला. त्यात कोपऱ्यात पलंगाची पाठ आली होती.

"मॅडम, हे काय आहे?"

"स्वस्तिक."

"हळदीचं?"

"मग काय ऑइलपेंटचं काढतात?"

त्यानं मोबाइल परत दिला. "हळद लागलेला माल कंपनी परत घेत नाही, मॅडम. डाग जात नाही. वापरलेला माल धरतात. वर तुमची सही आहे."

"पण तुम्ही मोडका पलंग दिलात!"

"मी कुठं नाही म्हणतोय? मी लिहून देतो की भेग आहे. पण बदलून नाही मिळणार. दुरुस्त करून देतील." आणि मग त्यानं खरोखरच्या कळवळ्यानं मला सांगितलं, "अहो मॅडम, सोलापुरात सगळ्यांचं हेच होतं. आम्ही सांगून थकलो, आधी तपासा, मग पूजा करा. कोण ऐकतं? आमची बायको तरी कुठं ऐकते?"

भांडायला आलेल्या माणसाशी समोरचा भांडला नाही तर फार पंचाईत होते. अडला हरी म्हणतात तशी माझी गत झाली. मी त्याच्याकडून तक्रारीचा नंबर लिहून घेतला, तक्रार कशी नोंदवायची ते विचारलं आणि वर "तुम्ही जरा सांगा ना कंपनीला" अशी विनवणीही केली. रस्त्यावर आल्यावर मला माझाच राग आला.

घरी येऊन मी ओलं फडकं आणि लिंबू घेतलं. डाग गेला तर नवे फोटो काढता येतील, असा माझा डाव होता. स्वस्तिकाचा एक हात घासून पुसला. कुंकू गेलं, हळद पसरली. सायीच्या रंगावर तळहाताएवढा पिवळा डाग पडला. आई पडल्या पडल्या मान वळवून बघत होती.

"का पुसायलीस गं?"

"पलंग बदलून घ्यायचाय, आई. मोडका दिलाय त्यांनी."

"पुजलेलं पुसू न्हाय. पुजलेली वस्तू उंबऱ्याभाईर काढू न्हाय." तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "ऱ्हाऊ दे की. मला काय टोचत न्हाय."

मी फडकं खाली ठेवलं. स्वस्तिक तीन हातांचं राहिलं, ते आजही तसंच आहे.

मग फोन सुरू झाले. एक दाबा, दोन दाबा, मराठीसाठी चार दाबा. चार दाबलं की हिंदी बोलणारी मुलगी यायची. तक्रार नोंदली गेली आहे, चोवीस तासांत संपर्क होईल. चोवीस तास त्या लोकांच्या घड्याळात कसले असतात कोण जाणे. नवव्या दिवशी एक माणूस पिशवी घेऊन आला. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं, पाच दिवसांनी. ते सोडून मी त्याच्याजवळ उभी राहिले. आईला खुर्चीत बसवलं. त्यानं भेगेत लांबी, म्हणजे पुट्टी भरली, आतून लोखंडी कोन लावून चार स्क्रू पिळले, वरून रंगाची कांडी फिरवली. वीस मिनिटांत काम आटोपलं. "आता हत्ती बसवा," म्हणाला. हत्ती कुठला आणायचा, आईला बसवलं. आधी पलंग करर्र असा एकदा वाजायचा. आता करर्र आणि टक् असा दोनदा वाजायला लागला.

पोराचं नाक पुसायला गेलं आणि डोळ्यात बोट घातलं, असली ही दुरुस्ती.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सुतार मिस्त्री राहतात. आमच्या स्वयंपाकघराच्या फळ्या त्यांनीच केल्यात. ह्यांनी मला न विचारता त्यांना बोलावून आणलं. मिस्त्री खाली वाकले, बॅटरीच्या उजेडात पाटी पाहिली, स्क्रू बोटानं हलवला. तो बोटानं हलला.

"ताई, ये लकडी नै है. भुसा है, दबाया हुआ. इसमें एक बार स्क्रू बैठा तो बैठा. दूसरी बार नै पकडता." मग मराठीत म्हणाले, "सागवानाची पट्टी टाकतो आतून. आरपार बोल्ट मारतो. एका तासाचं काम. आवाज बंद."

मी कंपनीचं कार्ड काढून वाचलं. दुसऱ्या कुणी हात लावला तर कंपनीची जबाबदारी संपेल, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं.

"थांबा, मिस्त्री. मी हा बदलूनच घेणार आहे. मी सोडणार नाही त्यांना."

मिस्त्रींनी हात झटकले. "आपकी मर्जी. पण अम्माला त्रास होतोय."

"आठ दिवसांत होईल," मी म्हणाले. का म्हणाले, कुणाच्या भरवशावर म्हणाले, मला ठाऊक नाही. माझ्या अंगात एकदा वारं भरलं की माझंही माझ्या हाती राहत नाही. पोरींना मी सांगत असते, अन्याय झाला तर गप्प बसू नका. आता मलाच गप्प बसता येत नव्हतं. एवढा साधा पलंग, आणि त्यांनी मला वेड्यात काढलं, हे मला गिळवत नव्हतं.

तेव्हापासून घरात एक नवाच क्रम सुरू झाला. आई कूस बदलायला गेली की पलंग वाजायचा. पलंग वाजला की मी असेन तिथून ऐकायचे, आणि हातातलं काम टाकून फोन उचलायचे. एक दाबा, चार दाबा. मग माझा आवाज चढायचा. तो सगळा तमाशा आईच्या दारातच, कारण मोबाइलची रेंज तिथंच बरी येते. हे एकदा म्हणालेही, "आई हलल्या की तू सुरू होतेस. जरा दमानं घे." मी म्हटलं, "तुम्ही दमानंच घेत आलात आयुष्यभर."

आई हे सगळं ऐकत असायची. एकदा म्हणाली, "सोड गं. तुजं बीपी वाडंल." मी सोडलं नाही.

महिना होत आला होता. एक दिवस शाळेतून घरी येताना रिक्षात माझ्या मोबाइलवर निरोप आला. 'आपल्या समाधानानुसार आपली तक्रार बंद करण्यात आली आहे.' मी तो तीनदा वाचला. कुणाचं समाधान? घरी आल्या आल्या फोन लावला. वीस मिनिटांनी एका मुलीनं सांगितलं, "मॅडम, आज सकाळी तुमच्या दुसऱ्या नंबरवर कॉल केला होता. ग्राहकानं सांगितलं, पलंग चांगला आहे, काही तक्रार नाही. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

दुसरा नंबर म्हणजे माझा जुना मोबाइल. मी शाळेत असताना भावाशी बोलता यावं म्हणून तो आईच्या उशाशी ठेवला होता. तक्रार नोंदवताना मीच तो नंबर हौसेनं भरला होता.

मी आत गेले. "आई, आज कुणाचा फोन आला होता?"

"व्हय, आला होता की. त्यो पोरगा लई गोड बोलला गं. आज्जी म्हणला मला. पलंग कसा हाय म्हणला."

"आणि तू काय सांगितलंस?"

"चांगला हाय म्हणलं. लेकीनं घेतलाय म्हणलं."

"आई! वाजतो ना तो? मोडकाय ना तो?"

ती गोंधळली. "आता परक्या माणसापशी लेकीच्या वस्तूला नाव कसं ठिवायचं गं? आन् त्या पोराला कोण बोल लावंल, ते येगळंच."

तिनं आयुष्यभर असंच केलं होतं. कुणी दिलेल्या साडीला, कुणी वाढलेल्या ताटाला तिनं कधी नाव ठेवलं नाही. आमटी खारट झाली तरी ती चांगलीच झालेली असायची. त्या मुलाला तिनं जे सांगितलं, ते तिच्या लेखी खोटं नव्हतं, ती रीत होती. हे मला कळत नव्हतं असं नाही. तिच्याच पोटची आहे मी. पण महिनाभराचा सगळा राग, दुकानदारावरचा, हमालांवरचा, त्या चार दाबावरचा, माझ्या स्वतःच्या सहीवरचा, कुठंतरी निघायचाच होता. समोर ती होती आणि तिला उठून जाता येत नव्हतं.

"तुझ्यासाठी मी मरमर मरते आणि तू एका मिनिटात पाणी ओतलंस त्यावर," मी ओरडले. "आता कुणीही येणार नाही. आता हा पलंग असाच वाजणार, जन्मभर. ऐकत बस! आणि मलाही ऐकव!"

हे आतल्या खोलीतून आले, मला हाताला धरून बाहेर घेऊन गेले. आई रात्री जेवली नेहमीसारखी. भाकरी दुधात कुस्करून दिली होती, ती संपवली. ताट परत घेताना मी म्हणाले, "राग आला का?" ती म्हणाली, "आईला कसला राग."

आणि मग एक नवल घडलं. पलंग वाजायचा थांबला.

पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी आलं. तिसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "ऐकलंत का? आवाज बंद झाला." मी त्याची कारणंही शोधली, भूगोलाची बाई ना मी. म्हटलं, हवा कोरडी पडलीये, भरलेली लांबी आता कुठं नीट सुकली असेल, भुसा आकसून घट्ट बसला असेल. ह्यांनी मान हलवली. मी आठवडाभर फोन हातात घेतला नाही. घर कसं शांत झालं. एकदा शेंगा निवडता निवडता मी आईजवळ बसून शाळेतल्या गमती सांगितल्या. ती पाठीवर पडून, छताकडे बघत ऐकत होती. हसली सुद्धा. तिचं पाणी कमी झालं होतं, तांब्या अर्धाच संपायचा. मी म्हटलं, उन्हाळा आहे, जास्त पी. ती म्हणाली, "तहानच न्हाय गं." संडासला उठायचं म्हटलं की नको म्हणायची, मग एकदमच उठायची, सकाळी आणि संध्याकाळी, मी आणि हे दोघंही हाताशी असताना. आम्ही उठवताना पलंग कण्हायचा थोडा, पण तेवढ्याकडे मी लक्ष दिलं नाही. मला वाटलं, बाई सुधारतेय. तिला आता शिस्त लागली.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची, एक दिवसाआड. मध्ये तिच्या घरी लग्न होतं म्हणून आठवडाभर आली नव्हती. आली त्या दिवशी तिनं नेहमीप्रमाणे आईचा पाय उचलला, वाकवला. मग म्हणाली, "आज्जी, जरा कुशीवर वळा."

आई म्हणाली, "नगं. असंच करू."

"अहो, वळायला तर पाहिजे."

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी मिळून आईला कुशीवर केलं. पलंग वाजला. करर्र, टक्. चांगला पहिल्यासारखा, किंबहुना त्याहून मोठ्यानं. मी चमकले. पण त्या मुलीचं पलंगाकडे लक्षच नव्हतं. तिनं आईचं लुगडं कमरेखाली सरकवलं होतं आणि ती नुसती बघत होती.

माकडहाडावर कातडी काळी-निळी पडली होती आणि मधोमध रुपयाएवढी फुटली होती. दोन्ही टाचा लाल झाल्या होत्या.

"मॅडम, आज्जी किती दिवस वळल्या नाहीत?"

मी आईच्या तोंडापाशी वाकले. "आई, तू कूस बदलत नव्हतीस?"

ती भिंतीकडे तोंड करून होती. मग म्हणाली, "ते वाजतंय गं."

"मग वाजू दे ना!"

"मग तू फोन घिऊन बसतीस. तुला तरास."

त्या मुलीनं तिथं मलम लावलं, डॉक्टरांना फोन केला, हवेची गादी आणायला सांगितलं, मला पाच-सहा गोष्टी लिहून दिल्या. हे मिस्त्रींकडे पळाले. मी कंपनीचं ते कार्ड फाडून टाकलं, पण त्यात आता काय मोठेपणा होता? ती मुलगी गेली. खोलीत आम्ही दोघीच राहिलो. तिला परत पाठीवर येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी म्हणाले, "आई, आता दुसऱ्या कुशीला वळायचं. मी धरते. मी काही बोलणार नाही, वाजू दे कितीही."

मी दोन पायांमध्ये उशी ठेवली आणि तिच्या खांद्याला हात लावला. तिनं हळूहळू अंग उचललं. पलंग करकरला. ती तिथंच, अर्धवट वळलेली थांबली आणि श्वास धरून माझ्या तोंडाकडे बघायला लागली.